शमुवेल उशिरा का आला?

इस्राएलचा पहिला राजा शौल, त्याचं काय चुकलं, हे आज बायबल अभ्यासात सगळ्यांना चटकन कळलं. मलाच कळलं नाही. "आज्ञा मोडली, राज्य गेलं," म्हणून काकूंनी पुढचा अध्याय काढलासुद्धा. मी मात्र पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकातल्या तेराव्या अध्यायातच अडकले, ती अजून तिथेच आहे.

शमुवेल संदेष्ट्याने सांगितल्याप्रमाणे सात दिवस थांबला की तो! शत्रू, म्हणजे पलिष्टी, मिखमाशला तळ देऊन बसलेले, समुद्रकाठच्या वाळूइतके. इकडे तलवार-भाला फक्त शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्याकडे. बाकीच्यांना साधी कुऱ्हाड पाजवायची तरी पलिष्ट्यांच्याच दारात जावं लागे. लोक गुहांत लपले, झुडपांत लपले, काही तर यार्देनेपलीकडे गेले. गिलगालात उरलेले थरथर कापतायत, आणि शमुवेलाचा पत्ता नाही. शेवटी शमुवेलाने येऊन करायचं होमार्पण शौलाने स्वतःच केलं. ते संपतंय न संपतंय तोच स्वारी हजर! इतकं वेळेवर कुणी उशिरा येतं का?

मला शौलाची दया आली. खरं तर स्वतःचीच आली. पुण्याहून अजून काही कळवलेलं नाही. सगळे म्हणतात, थांब, प्रभूवर सोड. थांब म्हणणाऱ्यांचं काय जातं? बाबांच्या वेळीही आपण असेच थांबलो होतो. जाऊ दे.

रात्री भांडी आवरल्यावर दहावा अध्याय काढला. शमुवेलाने नेमकं सांगितलं काय होतं, ते बघायचं होतं. वाटलं, त्याच्या बोलण्यात कुठेतरी फट सापडेल. सापडली, पण शौलाच्या ऐकण्यात. नुसतं 'सात दिवस थांब' असं नव्हतंच ते. मी येऊन काय करायचं ते सांगेपर्यंत थांब, असं होतं. शौलाने दिवस तेवढे मोजले. आणि जाब विचारल्यावर तोंडून पहिलं काय निघालं? लोक मला सोडून पांगायला लागले. म्हणजे होमार्पण देवासाठी कमी, माणसं धरून ठेवायला जास्त.

बरं, राहिली किती माणसं? ६००. पुढच्या अध्यायात तेवढीच त्याच्याबरोबर डाळिंबाखाली बसलीत, आणि जय मिळतोच. त्याची सुरुवात तर योनाथान आणि त्याचा शस्त्रवाहक, दोघांनीच केली. पलिष्टी पळायला लागल्यावर डोंगरात लपलेले आपसूक बाहेर आले, पाठलाग करायला! इथे मला एकटीलाच हसू फुटलं.

तरी शिक्षा जडच वाटते. अर्धा दिवस आधी निघायला शमुवेलाला काय झालं होतं?

मामांची पुण्याला ओळख आहे. एका फोनचं काम. काय बोलायचं तेही मी मनात जुळवून ठेवलंय: "मामा, प्रार्थना करूनच फोन करतेय." शौलही म्हणालाच होता, परमेश्वराची कृपा मागायची राहिली होती, म्हणून मन घट्ट करून अर्पण केलं. माझंही लाकूड रचून तयार आहे म्हणायचं.

आईने सकाळीच मामांचा नंबर पुन्हा पाठवलाय. खाली लिहिलंय, "देवाची इच्छा असेल तर उचलतील."