स्कार्लाटी, ओबो आणि श्वासाची जागा

सध्या अठराव्या शतकातला इटालियन संगीतकार स्कार्लाटी याचा हार्पसिकॉर्डसाठीचा (पियानोसारखं, पण तारा छेडून वाजणारं जुनं वाद्य) बी मायनर सोनाटा, के. ८७ (हा त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), ओबो (फुंकून वाजवायचं वाद्य) आणि स्ट्रिंग्जसाठी, म्हणजे व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांसाठी, नव्यानं लिहितोय. मुळात एकाच वेळी चालणाऱ्या चार सुरावटींची, म्हणजे चार आवाजांची, वीण आहे, त्यामुळे वाटलं वरचा आवाज ओबोला, बाकीचे तीन स्ट्रिंग्जना, झालं काम! पण हार्पसिकॉर्डचा सूर छेडला की विरत जातो आणि ओबोचा टिकून राहतो, मग जे स्वर एकमेकांना नुसते हलके घासून जायचे ते आता चांगलेच टोचतात, आणि श्वासाला जागाच नाही, कारण बोटांना दम लागत नाही ना. शेवटी ओबोच्या मधल्या काही ओळी व्हायोलिनकडे दिल्या, खूप बरं वाटलं ऐकून. इंग्लंडच्या एव्हिसन या संगीतकारानं १७४४ मध्ये स्कार्लाटीच्या सोनाटांवरून स्ट्रिंग्जसाठी १२ कॉन्चेर्टो (वाद्यवृंदासाठीच्या रचना) केले होते, ते जरूर ऐका, अप्रतिम आहेत.