तांबडा चौकोन

सोमवार, रात्र

आज संध्याकाळी सोनूच्या लॅपटॉपवर तो बनवत असलेला गेम चालू होता आणि त्यात मी ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेला वासुदेव नव्हता. त्याच्या जागी एक तांबडा चौकोन होता. तो चौकोन गल्लीतून उजवीकडे जात होता, पायऱ्या चढत होता, दारापाशी थांबत होता, आणि दार उघडले की त्याच्या डोक्यावर मूठभर तांदळाची लहानशी खूण उमटत होती. सोनू अगदी रमून खेळत होता. मी मागे उभी असल्याचे लक्षात आल्यावर त्याने मान न वळवताच सांगितले, "मावशी, हा तात्पुरता आहे. टेस्टिंगपुरता." मी "बरं" म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा एकदा घासली.

एवढ्याशा गोष्टीचे एवढे काय लागावे ते कळत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तीन आठवडे रोज रात्री मागचे आवरले की मी त्या वासुदेवाला घेऊन बसते. सोळा घरे रुंद आणि चोवीस घरे उंच, म्हणजे सगळी मिळून ३८४ घरे, आणि त्यांतली बरीचशी रिकामीच. एखाद्याला वाटेल की एवढ्यात काय काढायचे आहे! मलाही पहिल्या दिवशी तसेच वाटले होते. पण कागदावर पेन्सिलीची रेघ थोडी हलली तरी चेहरा चेहराच राहतो. इथे डोळ्याचा एक ठिपका एक घर खाली सरकला की माणूस पेंगायला लागतो आणि एक घर आत सरकला की तिरळा दिसतो. चोवीस ओळींपैकी आठ टोपीला गेल्या, चार चेहऱ्याला, दहा अंगरख्याला, आणि उरलेल्या दोन ओळींत पाय. चिपळ्यांच्या वाट्याला दोनच ठिपके आले, आणि ते चिपळ्यांसारखे दिसावेत म्हणून मी एक अख्खी रात्र घालवली.

या कामात जे शिकले ते हाताने शिकले. टोपीची कड वळवताना ठिपके एक, दोन, तीन असे क्रमाने वाढत गेले तर रेघ वळते. मध्येच एक, तीन, एक असे झाले की तिला पोक येतो. पहिल्या वासुदेवाला मी चहूबाजूंनी गडद आणि मधोमध उजळ अशी छाया दिली होती, तेव्हा तो उशीसारखा फुगलेला दिसला. उजेड एकाच बाजूने, डावीकडून वरून येतो असे ठरवल्यावर त्याला खांदे आले. पांढऱ्या अंगरख्याची सावली राखाडी रंगाने दिली तेव्हा तो मळका दिसत होता. राखाडी पुसून फिकट निळा घातला, आणि तोच अंगरखा पहाटेच्या उजेडातला झाला. त्या रात्री मला इतका आनंद झाला होता की कोणाला तरी उठवून दाखवावेसे वाटले. रंगही हळूहळू कमी केले. १९८३ साली आलेल्या फॅमिकॉम या गेम खेळायच्या यंत्रावर एका स्प्राइटला, म्हणजे गेममधल्या हलत्या लहान चित्राला, तीन रंग आणि चौथा पारदर्शक एवढीच मुभा होती, असे वाचल्यावर मी टोपीला तीन आणि अंगाला तीन अशी शिस्त स्वतःला घालून घेतली, आणि त्या शिस्तीने चित्र सुधारले.

आणि तरीही तांबडा चौकोन. एक रंग, चार कोपरे, काढायला अर्धे मिनिटसुद्धा लागले नसेल.

त्याने मला सांगायला हवे होते. जेवताना सांगता आले असते, कालही सांगता आले असते. मागे एकदा त्याने माझी फाइल गेममध्ये घेतली तेव्हा वासुदेव पाण्यात भिजलेल्या शाईसारखा फुटलेला दिसला होता. मी घाबरले होते. पण तेव्हा दोष चित्राचा नव्हता; लहान चित्र मोठे करताना गेम इंजिन, म्हणजे गेम चालवणारे सॉफ्टवेअर, शेजारशेजारचे रंग एकमेकांत मिसळत होते, आणि ती सेटिंग बदलून सगळ्यात जवळच्या ठिपक्याचाच रंग घेण्याची केल्याबरोबर प्रत्येक ठिपका जागच्या जागी उभा राहिला. त्या वेळी तो मला हाक मारायला धावत आला होता. या वेळी आला नाही. म्हणजे या वेळी दोष चित्रातच असणार आणि तो बोलून दाखवणे त्याच्या जिवावर आले असणार, असा अर्थ मी काढला आणि त्या अर्थाला धरून बसले.

शाळेत एलिमेंटरीला आणि इंटरमिजिएटला मला चांगली श्रेणी होती. त्यानंतर रंगांची पेटी कुठे गेली ते आठवत नाही. तो विषय इथे नको. पण या वयात पुन्हा काही हातात घ्यावे, ते जमते आहे असे वाटू लागावे, आणि कोणीतरी ते न सांगता बाजूला काढून ठेवावे, याचे वाईट वाटते. वाटले तर वाटू द्यावे. बाजूला ठेवले, हेच पुन्हापुन्हा मनात येते आहे.

सगळे झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. सोनूने दाखवून ठेवले आहे तसे चौकोन काढून वासुदेव परत घातला आणि उजवा बाण दाबून धरला.

तो चालत नव्हता. घसरत होता. पाय हलत होते, पण जमीन त्यांच्याखालून वेगळ्याच वेगाने सरकत होती, जणू शेवाळलेल्या फरशीवरून कोणी त्याला मागून ढकलत आहे. मी बाण सोडला, पुन्हा दाबला, आणि मग कागद घेऊन हिशेब मांडला. माझ्या चालीत चार फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारी चार चित्रे आहेत: एक पाय पुढे, दोन्ही जवळ, दुसरा पाय पुढे, पुन्हा जवळ. टेकलेला पाय दोन घरे पुढून दोन घरे मागे जातो, म्हणजे एका पावलात चार घरे, म्हणजेच चार पिक्सेल, आणि चार फ्रेममध्ये आठ. सेकंदाला आठ फ्रेम धरल्या तर सेकंदाला सोळा पिक्सेल. गेममध्ये सोनूने त्याची गती सेकंदाला ६० पिक्सेल ठेवली आहे. पावले सोळाची आणि चाल साठीची! एवढा साधा गुणाकार मी तीन आठवड्यांत एकदाही केला नव्हता, कारण चित्र कसे दिसते एवढेच मी पाहत होते.

चौकोनाला पाय नाहीत, म्हणून तो घसरत नाही. साठच्या गतीने जातो आणि डोळ्याला कुठेही खटकत नाही. सोनू खेळून पाहत होता ते उड्या, पायऱ्या आणि दारांची अंतरे. त्याला त्या वेळी माझा वासुदेव मध्ये येत होता. हे लक्षात आल्यावर बराच वेळ मी नुसती बसून राहिले.

शिगेरू मियामोतो या जपानी गेमकारांनी १९८१ साली 'डाँकी काँग' या गेमसाठी एक सुतार रेखाटला, तोच पुढे मारिओ म्हणून जगभर ओळखला गेला. त्याला टोपी दिली, कारण एवढ्याशा जागेत केस काढणे अवघड होते. मिशा दिल्या म्हणून तोंड काढावे लागले नाही. आणि हात हलताना दिसावेत म्हणून अंगात डंगरी दिली. ही हकिकत मी अगदी सुरुवातीला वाचली होती आणि वासुदेव निवडला तो त्या हकिकतीमुळेच, कारण मोरपिसांची टोपी आयती मिळत होती. पण तिच्यातली टोपी तेवढी मी उचलली आणि हात हलण्याचे वाक्य वाचून पुढे गेले. माझ्या वासुदेवाच्या पायघोळ अंगरख्यात हालचाल दिसायला जागाच नाही. चाल दाखवायची ती दोन ओळींच्या पायांनी, आणि तीही घेराखाली झाकलेल्या.

मग घेरच हलवला. पाय पुढे टेकतो त्या फ्रेममध्ये अख्खे अंग एक पिक्सेल खाली घेतले आणि घेराची मागची कड एक पिक्सेल बाहेर काढली. टेकलेले पाऊल आता तीन घरे पुढून तीन घरे मागे जाते. सेकंदाला दहा फ्रेम धरल्या तर त्याची चाल तिसाची होते, आणि गतीही मी तीसच ठेवून पाहिली. पाय जमिनीला लागले. त्यानंतर सहज म्हणून टोपीच्या टोकाची दोन पिसे अंगाबरोबर खाली न आणता एक फ्रेम उशिरा आणली. बाण दाबला तेव्हा माझ्या घशात काहीतरी दाटून आले. पिसे डुलत होती. लहानपणी पहाटे खिडकीच्या गजांतून दिसायची तशीच, माणूस थांबल्यावरही क्षणभर हलत राहणारी.

सोनू म्हणेल की तिसाची गती फार मंद आहे, आणि त्याच्या बाजूने ते खरेही असेल, कारण त्याने दारांमधली अंतरे साठच्या हिशेबाने आखली आहेत. मी आग्रह धरणार नाही. वासुदेव घाईने जात नाही, एवढे मात्र सांगेन. त्याने मला का सांगितले नाही हेही विचारायचे मनात होते. आता विचारावेसे वाटत नाही. मी मागे उभी होते तेव्हा त्याने मान वळवली नाही, यात मी नकोशी असण्याचेच नव्हे, अवघडलेपणाचेही काही असू शकेल, हे संध्याकाळी सुचले नव्हते.

दीड वाजला आहे. लॅपटॉप बंद करण्याआधी तांबडा चौकोन होता तसा परत ठेवला, कारण उद्या त्याला त्याच्या पायऱ्या तपासायच्या असतील. नवी फाइल वेगळी ठेवली आहे आणि तिला 'वासुदेव ७' असे नाव दिले आहे. तिसऱ्या फ्रेममध्ये उजवी चिपळी अंगरख्यात बुडते आहे, ती एक घर बाहेर घ्यायची आहे, त्यानंतर दाखवीन.