यूव्ही प्लांट बसवताना एका आकड्यासाठी झालेला वनवास

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, तापीकाठी. पाणी समितीत असल्यामुळे यूव्ही प्लांटची, म्हणजे अतिनील प्रकाशाने पिण्याच्या पाण्यातले जंतू निकामी करणाऱ्या प्लांटची, धावपळ माझ्याकडे आली. ग्रामसभा, ठराव, जागा, शेड सगळं पटापट झालं, त्यावर लिहीत बसत नाही. आरओ का नाही असं बऱ्याच जणांनी विचारलं, पण आमच्या विहिरीचा टीडीएस (विरघळलेले क्षार) लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत आहे, मग आरओ लावून एवढं पाणी गटारीत कशाला सोडायचं? आमचा त्रास जंतूंचा. पावसाळा लागला की घराघरात जुलाब, आणि नुसत्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरला क्रिप्टोस्पोरिडियमसारखे जंतू दाद देत नाहीत, यूव्हीने ते निकामी होतात.

अडकलो ते यूव्हीटीवर. म्हणजे २५४ नॅनोमीटरचा प्रकाश १ सेंटिमीटर पाण्यातून किती टक्के पार जातो तो आकडा. मशीन केवढं घ्यायचं ते यावरच ठरतं, कारण डोस ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर धरतात आणि पाण्यानेच प्रकाश गिळला तर डोस मिळणार कुठून. सप्लायरच्या कोटेशनवर नुसतं 'क्लिअर वॉटर' लिहिलेलं! विचारलं तर म्हणे, "पानी ते साफ दिखी ऱ्हायनं ना भो, आखो काय पाहिजे?" अहो, दिसायला काचेसारखं पाणीसुद्धा विरघळलेल्या लोहामुळे नाहीतर कुजलेल्या पाल्याच्या अंशामुळे यूव्ही अडवतं. ॲडव्हान्स मात्र लगेच पाहिजे.

मग लॅब. तिथे पीएच, हार्डनेस, नायट्रेट, गढूळपणा सगळं तपासून मिळालं, यूव्हीटी मात्र त्यांच्या यादीतच नाही. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर अर्ज आणा. आणला. सरपंचांचा सही-शिक्का पाहिजे. तो घेतला. मग वरून विचारावं लागेल. मग साहेब मीटिंगला. इकडे पावसाळा तोंडावर आलेला, गावातले लोक रोज विचारणार की भाऊ प्लांट कधी, आणि मी बाटली घेऊन त्याच बाकड्यावर बसलेलो. नाही जमत तर पहिल्याच दिवशी नाही म्हणून टाका ना, माणूस दुसरा रस्ता तरी शोधेल! याचा राग मला अजून आहे.

शेवटी एका कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या सरांनी काम केलं. त्यांच्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे पाण्यातून किती प्रकाश पार जातो ते मोजणारं यंत्र, होता. आधी डिस्टिल्ड वॉटरवर १०० सेट केलं, मग क्वार्ट्झची बोटभर क्युव्हेट (सँपल भरायची छोटी नळी) आमच्या पाण्याने दोनदा खंगाळून भरली, बाहेरून टिश्यूने पुसली आणि आत ठेवली. आकडा यायला मिनिटसुद्धा लागलं नाही. साधं पाणी ७१, फिल्टरमधून काढलेलं ८८. ७१ च्या पाण्यावर कोटेशनमधलं मशीन आम्हाला पुरलंच नसतं. म्हणून यूव्हीच्या आधी सँड फिल्टर आणि ५ मायक्रॉनचं कार्ट्रिज घेतलं, आणि ८८ हा आकडा कोटेशनवर लिहून घेऊनच ॲडव्हान्स दिला. त्या सरांचे उपकार गाव विसरणार नाही.

हां, सँपल फिल्टरनंतरचं पण द्या आणि पूर आल्यावर परत तपासा, हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीचं पाणी पार बदलतं. जंतूंच्या तपासणीची बाटली लॅबचीच निर्जंतुक घ्या, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. आमच्या रिपोर्टवर ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू) 'आढळले नाही' आलं तेव्हा कुठे जिवात जीव आला.

सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, लावाच. लाइट गेली की पाणी आपोआप बंद झालं पाहिजे, नाहीतर लॅम्प बंद आणि पाणी चालू. यूव्हीचा असर पुढे पाइपात टिकत नाही, त्यामुळे नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन राहील इतका डोस नंतर द्यावाच लागतो. पाणी जड असेल तर लॅम्पभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर पांढरा थर बसतो, आम्ही तो सायट्रिक ॲसिडने काढतो. आणि लॅम्प पेटलेला दिसतो म्हणून चालवत राहू नका, साधारण ९००० तासांनी बदलायचाच. जुन्यात पारा असतो, तो उकिरड्यावर टाकायचा नाही, सप्लायर परत नेईल असं कोटेशनमध्येच लिहून घ्या.