त्या ग्लासातलं पाणी आणि मालाडची रात्रपाळी

मागच्या रविवारी भाचा आला होता, नववीतला आहे, आणि चप्पल काढता काढताच त्याने जाहीर केलं की मामा, हल्लीच्या पिक्चरमधलं सीजीआय, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली दृश्यं, एकदम बकवास असतं, जुने पिक्चर भारी कारण तेव्हा सगळं खरं करायचे. कुठल्यातरी रीलमधून उचललेलं मत होतं हे कळत होतं, पण माझ्याही दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं त्याने. मी म्हटलं बस इथे, आणि लॅपटॉपवर जुरासिक पार्क लावला.

हा पिक्चर मी 1994 मध्ये हिंदी डब पाहिला होता, सोलापूरला, काकांच्या मांडीवर बसून, त्यातला निम्मा वेळ डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून. गाडीचा सीन आला की अजूनही माझे तळवे घामेजतात. रात्र, धो धो पाऊस, गाडीत दोन पोरं, डॅशबोर्डवर पाण्याचे प्लास्टिकचे ग्लास आणि त्या पाण्यात एकदम गोल गोल तरंग उठायला लागतात. डायनासोर अजून दिसलेलाच नाहीये आणि आपली टरकलेली.

ते तरंग कसे आले असतील? भाचा म्हणाला कॉम्प्युटर. नाही रे बाबा. मायकल लँटिएरी नावाच्या माणसावर हे काम होतं आणि त्याला तसे गोलाकार तरंग काही केल्या मिळेनात, शेवटी गिटारची तार सापडली. डॅशबोर्डच्या खालून तार ओढून घेतली आणि एक जण गाडीखाली आडवा पडून ती छेडत होता. बस एवढंच.

मग टी-रेक्स येतो. गाडीच्या काचेवर येणारं ते भलंमोठं डोकं खरं आहे, म्हणजे स्टॅन विन्स्टनच्या लोकांनी बनवलेलं हायड्रॉलिक्सवर चालणारं 40 फुटी धूड. त्याची कातडी फोमची. पावसात ती स्पंजासारखी पाणी प्यायची, अंग जड व्हायचं आणि धूड नको तेव्हा थरथरायला लागायचं, मग दोन टेकच्या मध्ये लोक टॉवेल घेऊन डायनासोर पुसत बसायचे. (हे वाचल्यापासून मला तो टी-रेक्स पावसात भिजून आलेल्या म्हशीसारखा दिसतो, माझा नाईलाज आहे.) पण तोच प्राणी कुंपण तोडून अख्खाच्या अख्खा रस्त्यावर चालत येतो ना, तिथे कॉम्प्युटर. मी पॉज करून करून भाच्याला विचारत होतो, हा खरा की ग्राफिक्स? पाचपैकी दोन बरोबर आले, आणि तेही मला वाटतं माझ्या तोंडाकडे बघून.

दोन तासांच्या पिक्चरमध्ये कॉम्प्युटरचे डायनासोर साधारण सहा मिनिटं आहेत फक्त. आणि त्या सहा मिनिटांमागेसुद्धा गंमत आहे. आधी हे शॉट फिल टिपेट करणार होता, तो पुतळे कणाकणाने हलवून अॅनिमेशन करणारा उस्ताद. कॉम्प्युटरची चाचणी बघितल्यावर तो म्हणाला की आता मीच नामशेष झालो, आणि दिग्दर्शक स्पीलबर्गने तो टोमणा पिक्चरमध्येही वापरला. पण टिपेटला घरी नाही पाठवलं. त्याच्या टीमसाठी सेन्सर लावलेले सांगाडे तयार झाले, म्हणजे यांनी हाताने सांगाडा हलवायचा आणि ती हालचाल कॉम्प्युटरने उचलायची. पाऊल टाकताना वजन आधी कुठल्या पायावर जातं, मान किती उशिरा वळते, हे ज्यांच्या हाताला माहीत होतं त्यांच्याकडूनच घेतलं ते.

माझ्या मते हल्लीचा पिक्चर मार खातो तो इथेच. वजन! हिरो इमारतीवरून उडी मारतो, कॅमेरा त्याच्या बगलेतून निघून ढगांत जातो, तिथून गटारात, आणि हिरो जमिनीवर आदळतो तर आपल्याला काहीच होत नाही, रबराची बाहुली पडल्यासारखं. टेक्श्चर बिक्श्चर तीस वर्षांत शंभर पट सुधारलं असेल, केस न् केस मोजून घ्या. पण क्रेनवर ठेवलेला खरा कॅमेरा जिथे जाऊच शकत नाही तिथे गेला की डोळ्याला कळतं काहीतरी गडबड आहे, भले कारण नाही सांगता येत.

आता दुखरी जागा. मी साधारण दोन वर्षं मालाडला एका स्टुडिओत रोटो करायचो. रोटो म्हणजे समजा हिरॉईन रस्त्यावर उभी आहे आणि तिच्या मागे स्फोट टाकायचाय, तर आधी तिला मागच्या रस्त्यापासून कापून वेगळी करावी लागते, कडेकडेने पॉईंट टाकत, आणि हे प्रत्येक फ्रेमला. सेकंदाला 24 फ्रेम. चार सेकंदांचा शॉट म्हणजे 96 वेळा तीच बाई, तेच खांदे, तेच कान. आणि केस! वाऱ्यावर उडणाऱ्या एका बाईच्या केसांवर मी सहा दिवस काढलेत, रात्रपाळीत, कारण क्लायंट अमेरिकेतला, तिकडे दिवस. लीड यायचा, मागे उभा राहायचा, आणि म्हणायचा कडा चॅटर होतायत, परत कर. म्हणजे शॉट चालू केला की कड किंचित थरथरते, एका फ्रेमला पॉईंट इकडे पडला, पुढच्या फ्रेमला तिकडे. पहाटे साडेचारला चहा प्यायला खाली उतरलो तरी टपरीवाल्याच्या कानाभोवती मला पॉईंट दिसायचे. सातव्या दिवशी कळलं शॉट ओमिट झाला, म्हणजे पिक्चरमधून काढूनच टाकला. दिग्दर्शकाचा विचार बदलला म्हणे.

तेव्हा बाबा मला फाळक्यांची गोष्ट ऐकवायचे, की दादासाहेबांनी पिक्चर काढायच्या आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज त्याचं थोडं थोडं चित्रण करून अंकुराची वाढ दाखवली, तुझं कामही तेच. बाबा, फाळक्यांचा वाटाणा ओमिट नाही झाला.

सांगायचा मुद्दा काय, तर ते केस असे कापून वेगळे करावे लागले कारण सेटवर कुणीतरी म्हणालं होतं, पोस्टमध्ये बघू, म्हणजे शूटिंग झाल्यावर कॉम्प्युटरवर. मागे हिरवा पडदा असला की कॉम्प्युटरला माणूस सहज वेगळा काढता येतो, तो लावायला अर्धा तास लागला असता, तो वाचवला, आणि ते ओझं आलं मालाडला. ग्राफिक्सचं सामर्थ्य हेच आहे की काहीही करता येतं आणि घात पण तिथेच होतो, काहीही करता येतं म्हटल्यावर कुणी आधी ठरवतच नाही. सरळ रफूचं काम होऊन बसतं. 2017 च्या जस्टिस लीगमधली सुपरमॅनची मिशी आठवा. हेन्री कॅव्हिलने दुसऱ्या पिक्चरसाठी मिशी वाढवलेली, त्या पिक्चरवाल्यांनी काढू दिली नाही, आणि यांचं परत शूटिंग निघालं, मग कॉम्प्युटरने मिशी पुसून नवीन ओठ बसवला. शेकडो कोटींचा पिक्चर आणि लोक काय बघत बसले, तर वरचा ओठ.

आणि जिथे आधी ठरवून केलेलं असतं ते आपल्याला दिसतच नाही, त्यामुळे त्याचं कौतुकही होत नाही. 2022 च्या टॉप गन मॅव्हरिकची जाहिरातच अशी की सगळं खरं, नट खरोखर विमानात बसले. बसलेच होते, त्यांच्या तोंडाची कातडी मागे ओढली जाते ती अस्सल आहे. पण त्याच पिक्चरमध्ये ग्राफिक्सचे साधारण 2400 शॉट आहेत. शत्रूची विमानं कॉम्प्युटरची, आणि तो एफ-14 उडवतात ना शेवटी, ते विमान अमेरिकेच्या नौदलाने 2006 मध्येच रिटायर केलंय, आणणार कुठून? खाली खरं विमान उडतंय, त्यावर दुसऱ्या विमानाचं कातडं चढवलंय असे शॉट आहेत, त्यामुळे झटके, ऊन, सगळं आयतं मिळतं. भाच्याला हे सांगितल्यावर तो जरा गप्प झाला. त्याचा फेव्हरेट पिक्चर आहे तो.

मग लाईफ ऑफ पायचा विषय निघालाच. होडीतला तो वाघ बहुतेक वेळा कॉम्प्युटरचा, ऱ्हिदम अँड ह्यूज नावाच्या कंपनीने केलेला, तिचं ऑफिस मुंबईत पण होतं. 2013 च्या फेब्रुवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्या वाघाला ऑस्कर मिळालं. स्टेजवर त्यांचा माणूस कंपनीच्या अडचणीबद्दल बोलायला लागला तर जॉजचं, म्हणजे शार्कच्या पिक्चरचं, म्युझिक वाजवून त्याला उतरवलं. बाहेर रस्त्यावर ग्राफिक्सवाले निदर्शनं करत होते. आम्ही दुसऱ्या दिवशी शिफ्टला कँटीनमध्ये तो व्हिडिओ बघितला मोबाईलवर, पाच जण एका मोबाईलवर, कुणी काही बोललं नाही. मी नंतर चार महिन्यांनी सोडलं, आता विम्याच्या कंपनीत आहे, रात्री झोपतो.

भाचा म्हणाला तुझं नाव येतं का रे शेवटी त्या लिस्टमध्ये? म्हटलं एकदा आलंय, आडनावाचं स्पेलिंग चुकून.

एवढं सगळं ऐकून पठ्ठ्याच्या डोक्यात राहिलं काय, तर गिटार. आमच्याकडे गिटार नाही. त्याने स्वयंपाकघरातून स्टीलचा ग्लास आणला, काठोकाठ भरला, डायनिंग टेबलावर ठेवला आणि खाली शिरून बुक्के मारायला लागला. पाणी नुसतं हिंदकळतंय, गोल काही येत नाही. मग रबर ताणून बघितलं, मग ताईच्या शिलाई मशीनचा दोरा. मी पण बसलो खाली. ताईने आत येऊन दोघांचे पाय बघितले आणि विचारलं की हे काय चाललंय, तेवढ्यात याचा धक्का लागून ग्लास आडवा झाला, लॅपटॉपचा चार्जर भिजला. अजून वाळत घातलाय गॅलरीत.