गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे: चार रविवारांची गोष्ट

गाडीत अ‍ॅम्प बसवायला दीड तास लागला. त्यातला सुंईऽऽ आवाज घालवायला चार रविवार. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण इंदुरात ज्यांनी डिकीत वूफर टाकलाय त्यांना असं एखादं दुकान भेटलंच असेल.

दोष पकडला बाबांनी. मी ऐकतो त्या गाण्यांत काहीच कळत नव्हतं, सगळा धडधडाट. बाबांना मागे बसवून रामबागेतून विजयनगरला निघालो आणि त्यांच्यासाठी अमीर खाँसाहेब लावले. झुमरा तालातलं अतिविलंबित, दोन सुरांमध्ये भरपूर मोकळी जागा. त्या जागेत बारीक सुंई. बाबा म्हणाले, "अरे, हा तानपुरा कोण लावतंय? तू अ‍ॅक्सिलेटर दिलास की सूर चढतो!"

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा सूर म्हणजे अल्टरनेटरचा, बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, गोंगाट. हे मला आता माहीत आहे. दुकानातल्या पोराने मात्र दर खेपेला सीटखाली हात घालून अ‍ॅम्पवरचा गेन नावाचा स्क्रू पिळला, "भिया, अब सुनो," म्हणाला आणि गाणं इतकं मोठं केलं की सुंई ऐकू येणंच शक्य नव्हतं. तिसऱ्या रविवारी गाडी जुनी असल्याचं कळलं. (चार वर्षांची आहे.) चौथ्या रविवारी आठशे रुपयांचा फिल्टर घ्यायला लावला. सुंई तशीच, वर आवाज थोडा पोकळ.

शेवटी वैतागून मीच सीट उचलली. आधी आरसीएच्या (स्टिरिओतून अ‍ॅम्पकडे गाणं नेणाऱ्या वायरीच्या) पिना अ‍ॅम्पमधून काढल्या. सुंई बंद. म्हणजे अ‍ॅम्प ठीक, घाण आरसीएच्या वाटेने येतेय. मग अर्थची वायर बघितली: सीटच्या बोल्टखाली, थेट पत्र्याच्या रंगावर कसलेली! रंगातून करंट नीट कसा जाणार? इथला रस्ता अडला की तो आरसीएच्या शिल्डमधून (वायरीच्या धातूच्या वेष्टणातून) वाट काढतो. बॅटरीची निगेटिव्ह काढली (हे सगळ्यात आधी करायचं असतं, मी विसरलो होतो), पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीच्या टोकाचा लग घट्ट आवळला. बरंचसं गेलं. उरलेलं का उरलं, तर आरसीए आणि बॅटरीची जाड वायर एकाच बाजूने, एकाच चटईखालून ओढलेल्या. आरसीए दुसऱ्या बाजूने घेतली. शांतता.

तेव्हाच दिसलं की गेन जवळजवळ फुल होता. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, हे त्या पोराला कुणीतरी सांगा. स्टिरिओतून किती व्होल्ट येतात त्याच्याशी अ‍ॅम्प जुळवायचा स्क्रू आहे तो. जास्त पिळला की गोंगाटही वाढतो आणि आवाज फाटतो. फाटका आवाज बराच वेळ चालला की स्पीकरची कॉइल जळते.

जुळवणं सोपं आहे. स्पीकरच्या वायरी सोडा, बास बूस्ट, लाउडनेस, इक्वलायझर सगळं शून्यावर, अ‍ॅम्पचे फिल्टरही बंद. स्टिरिओ पाऊणपर्यंत वाढवून 50 हर्ट्‌झचा टेस्ट टोन लावा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला धरा. किती व्होल्ट दिसायला हवेत? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. माझे पुढचे चॅनल 50 वॅट, 4 ओहम, म्हणजे 14.1 व्होल्ट. गेन शून्यापासून हळूहळू वाढवत त्या आकड्यावर थांबायचं. वॅट आरएमएस (सतत मिळणारे) धरा, डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेले नव्हे. वूफरचं गणित वेगळं करा.

नंतर पुढच्यांना हाय पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) आणि वूफरला लो पास (वरचे अडवणारा), दोन्ही 80 हर्ट्‌झच्या आसपास. दरवाजांची खडखड तिथेच थांबली.

बाबा परवा पूर्ण बडा ख्याल ऐकत उज्जैनपर्यंत आले, मधे एक शब्द नाही. आठशेचा फिल्टर डॅशबोर्डच्या खणात पडून आहे. परत करायला गेलो, तर पोरगा म्हणाला, "भिया, गेन थोडा बढ़ा दूँ?"