पाट्यांपासून गोळ्यांपर्यंत : आमची वाटचाल

आमचं काम सुरू झालं ते पाट्यांपासून. वडील ट्रक-टेम्पोचे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवायचे. मोडलेला पाटा काढायचा, नवीन टाकायचा, गाडी जास्त माल भरत असेल तर एक पाटा वाढवायचा, यू-बोल्ट आवळायचे, झालं. मी आणि धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली शिकलो, आणि पुढे दोघांनी मिळून स्वतःचं वर्कशॉप टाकलं तेव्हाही डोक्यात तोच हिशोब होता की गाडी मागून बसली म्हणजे स्प्रिंग कडक करायची. हा हिशोब हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर गाडी तोलणाऱ्या, सस्पेन्शनला चालत नाही हे आम्हाला एका गाडीने शिकवलं आणि आज आमचं निम्म्याहून जास्त काम त्याच प्रकारच्या गाड्यांचं आहे, म्हणून तीच गोष्ट नीट सांगतो.

गाडी होती टोयोटा लँड क्रूझर 100, एएचसीवाली, म्हणजे बटण दाबलं की उंची कमी-जास्त होणारी. मालक काका-काकू निवृत्त झालेले, महिना महिना गाडीतच फिरणारे. मागे डिझेलची जादा टाकी, ड्रॉवर, फ्रीज, पाण्याचे कॅन, टपावर तंबू. काका म्हणाले, "गाडी बसत नाही, पण आदळते फार. आणि वरच्या उंचीवर जातच नाही." आम्ही गाडीला एक चक्कर मारली, खरंच सरळ उभी होती. पाट्याची गाडी लोड झाली की बसते आणि डोळ्यांना दिसतं, या गाडीत पंप ऑइल ढकलून उंची जागेवर आणतो त्यामुळे आत काय चाललंय ते बाहेरून कळतच नाही, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही. आम्ही मिळतील तेवढ्या कडक कॉइल, म्हणजे गोल वेटोळ्याच्या स्प्रिंगा, मागे टाकल्या आणि गाडी दिली.

पंधरा दिवसांनी काका परत आले. सामान उतरवलेलं, गाडी रिकामी. मागचा भाग ताठ, खड्ड्यात उडत होता आणि सगळ्यात खालच्या उंचीवर घ्यायला गेलं तर मागून खाली येतच नव्हती. काका एक शब्द वाकडा बोलले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. आम्ही पैसे परत केले, कॉइल काढल्या आणि गाडी आठ दिवस ठेवून घेतली.

त्या आठ दिवसांत भाऊ आणि मी हे सस्पेन्शन मुळापासून समजून घेतलं. तत्त्व जुनं आहे, सिट्रोएनने 1955 च्या डीएस मॉडेलमध्ये चारही चाकांना ते दिलं होतं. चाकाजवळच्या सिलेंडरमध्ये ऑइल, ते ऑइल एका धातूच्या गोळ्यात जातं, गोळ्यात मध्ये पडदा आणि पडद्याच्या पलीकडे नायट्रोजन. ऑइल दबत नाही, दबतो तो गॅस, म्हणजे खरी स्प्रिंग गॅसच. आता वजन वाढलं की ऑइलचा दाब वाढतो आणि गॅस आकसतो. दाब दीडपट झाला तर गॅसला जागा दोन तृतीयांशच उरते आणि त्या गॅसचा कडकपणा जवळजवळ सव्वादोनपट होतो. उंची तीच पण आत गॅसला दबायला जागाच नाही, म्हणून काकांची गाडी आदळत होती.

लँड क्रूझरमध्ये हायड्रॉलिक एकटं वजन उचलत नाही. पुढे टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचं काम करणारी सळई), मागे कॉइल, आणि राहिलेला भार ऑइलवर. म्हणजे जादा वजन स्प्रिंगने घ्यायचं आणि ऑइलच्या वाट्याला कंपनीने ठरवलं होतं तेवढंच ठेवायचं. या मॉडेलला नॉर्मल उंचीवर ऑइलचा पुढचा दाब 6.9 ते 7.4 मेगापास्कल (हे दाबाचं माप) आणि मागचा 5.6 ते 6.7 असायला पाहिजे. आमच्या कडक कॉइलने रिकाम्या गाडीचं जवळजवळ सगळं वजन स्वतःवर घेतलं होतं, ऑइल परत त्याच्या टाकीत ढकलायला भारच उरला नव्हता, मग गाडी खाली येणार कशी! हा दाबाचा आकडा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावल्याशिवाय दिसत नाही आणि आमच्याकडे तेव्हा तो नव्हता. त्याच आठवड्यात घेतला. आधी त्याच्यासाठी कर्ज काढावं का यावर घरात दोन दिवस चर्चा झाली होती, नंतर कोणी विषय काढला नाही.

आता पद्धत बसलीये. गाडी आली की मालकाला सांगतो, प्रवासाला निघता तशीच भरून आणा, टाकी फुल, पाणी भरलेलं. मग वजनकाट्यावर पुढच्या चाकांचा आणि मागच्या चाकांचा अॅक्सल वेगवेगळा. हे वेगवेगळं फार महत्त्वाचं आहे कारण मागच्या अॅक्सलच्या 1 मीटर मागे 100 किलो लटकवले (स्टेपनीचा कॅरियर, जेरीकॅन वगैरे) तर 2850 मिमी व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) या गाडीत मागच्या अॅक्सलवर 135 किलो येतात आणि पुढचे 35 कमी होतात. लोकांना हे पटत नाही, काट्यावर दाखवलं की पटतं.

मग गोळे तपासायचे. इंजिन चालू ठेवून गाडी खाली घ्यायची, ऑइलच्या टाकीतली पातळी बघायची, वर घ्यायची, परत बघायची. चांगल्या गोळ्यांना टाकीवरच्या खुणांत 14 च्या आसपास फरक येतो, 7 पर्यंत आला म्हणजे गॅस गेला, गोळे बदला. मेलेल्या गोळ्यांवर कितीही भारी स्प्रिंग टाका, गाडी आदळणारच, आणि मी तरी अशा गाडीला स्प्रिंग टाकत नाही. ऑइल कंपनीने सांगितलेलंच घालायचं, दुसरं घातलं तर सील फुगतात नाहीतर कडक होतात. कोणीतरी भलतंच ऑइल ओतलेल्या दोन गाड्या आमच्याकडे आल्यात, सगळे सील बदलावे लागले.

स्प्रिंग निवडताना पहिला प्रश्न असा की वजन कायमचं आहे की येऊन जाऊन. ड्रॉवर, जादा टाकी, लोखंडी बंपर कायमचे असतील तर त्या वजनाच्या कॉइल. फक्त सुट्टीत सामान भरणार असाल तर कॉइलच्या आत बसणारी हवेची बॅग मला जास्त आवडते, भरलेली असताना हवा भरा, रिकामी झाली की सोडा. पुढे टॉर्शन बारचा बोल्ट फिरवून दाब जागेवर आणायचा, थोडं फिरवायचं, गाडी हलवून बसू द्यायची, परत आकडा बघायचा. घाई केली की डावं-उजवं बिघडतं. शेवटी अलाइनमेंट आणि हेडलाइट.

काही कामं आम्ही करत नाही. स्प्रिंग बदलली म्हणून गाडीच्या प्लेटवरचं एकूण वजन, म्हणजे कंपनीने ठरवलेली मर्यादा, वाढत नाही, ब्रेक, टायर, अॅक्सल तेच असतात. काट्यावर आकडा त्याच्या वर गेला की आम्ही सामान कमी करायला सांगतो, यात दोन चांगली गिऱ्हाइकं गेली.

आणि आमच्या पोरांना पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट ओरडून सांगतो, या गाडीच्या खाली फक्त हायड्रॉलिकच्या भरवशावर जायचं नाही. चेसिसखाली स्टँड, मग दाब सोडायचा, मगच नट. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत घुसते, वरून फक्त एक टिपका दिसतो आणि आत हात सडतो. असं झालं तर वेळ न घालवता दवाखाना.

काकांच्या गाडीला दुसऱ्या वेळी मध्यम कॉइल आणि आत बॅग टाकल्या, पुढे टॉर्शन बार जुळवले. भरलेल्या गाडीत मागे दाब 6.4 आला, पुढे 7.1. ते दोन आकडे आमच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर आहेत. काका-काकू दरवर्षी निघायच्या आधी गाडी आणतात, भाऊ स्कॅनर लावतो, मी टाकीच्या रेषा मोजतो, आणि काकू त्याच पानावर त्या वर्षीचे आकडे स्वतःच्या हाताने लिहितात.