तांदळात लिहिलेले नाव आणि यू२बी२ : मातृवंशाच्या शोधाची तिसरी नोंद

मागील नोंदीत माझा मातृवंश, म्हणजे आई, आजी, पणजी अशी मागे जाणारी रेषा, जगभरच्या मातृवंशांच्या झाडावरील ‘यू२बी’ नावाच्या शाखेपर्यंत पोहोचला असल्याचे मी लिहिले होते. ती माहिती स्वस्तातल्या चाचणीतून आली होती, आणि अशा चाचणीत मायटोकॉन्ड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातील) डीएनएची काही निवडक स्थानेच तपासली जातात. या खेपेस मी तो संपूर्ण रेणू, म्हणजे त्याची सर्व १६,५६९ स्थाने (प्रत्येक स्थानी डीएनएच्या ए, सी, जी, टी या चार अक्षरांपैकी एक), वाचून घेतली. निकाल ‘यू२बी२’ असा आला. त्याहून अधिक आनंदाची गोष्ट अशी की मिरजेच्या मावशींचाही निकाल हाती आला असून दोन्ही निकाल आता एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात.

या मावशींपर्यंत पोहोचायला जवळजवळ दीड वर्ष लागले. हा डीएनए आईकडून मुलामुलींना मिळतो, पण पुढे फक्त मुलीच तो देतात. त्यामुळे माझ्यासारख्या पुरुषापाशी ही वाट संपते आणि मागे जायचे तर आई, आजी, पणजी, खापरपणजी अशीच चढण चढावी लागते. आपल्याकडच्या वंशावळी नेमक्या याच दिशेला मुक्या असतात. सुदैवाने पुण्यात कुलवृत्तांत छापण्याची जुनी हौस आहे, आणि त्यांत पुरुषाच्या नोंदीखाली पत्नीचे माहेरचे आडनाव व कन्यांची सासरची घराणी देण्याचा प्रघात आहे. म्हणजे एका घराण्याच्या पुस्तकातून स्त्री निघते आणि दुसऱ्या घराण्याच्या पुस्तकात दाखल होते. तिच्या मागे जायचे तर दर पिढीला पुस्तक बदलावे लागते. सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळात आणि दोन नातेवाइकांच्या माळ्यांवर मिळून मी अशी पाच पुस्तके पाहिली.

अडचण नावांची होती. लग्नात ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने मुलीचे नवे नाव लिहिले की जुने नाव माहेरच्या माणसांपुरते उरते. माझी पणजी सासरच्या पुस्तकात ‘सरस्वतीबाई’ आहे आणि माहेरच्या पुस्तकात ‘गोदू’. दोन्ही एकच, हे पटायला सासऱ्यांचे गाव, लग्नाचे साल आणि पतीचे टोपणनाव अशा तीन गोष्टी जुळाव्या लागल्या. माहेरच्या त्याच पानावर गोदूच्या वर ‘अंबू, मिरजेस दिली’ एवढीच ओळ होती. मिरजेच्या मावशी या त्या अंबूच्या मुलीची मुलगी. माझ्या आईची त्यांच्याशी कधी भेट झाली नव्हती.

मावशींचे वय ८१. पहिला नमुना लाळेचा होता आणि तो वाया गेला. नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ भरायला त्यांना पाऊण तास लागला, तोंड कोरडे पडले, आणि शेवटी त्यांच्या सुनेने समोर चिंचेचे बुटूक धरले तेव्हा कुठे काम झाले. मात्र मधल्या वेळात त्यांनी सवयीने लवंग तोंडात टाकली होती हे मला परतीच्या गाडीत आठवले. कारण लवंगेचे होते की आणखी कशाचे, ते कळण्यास मार्ग नाही. कंपनीने सहा आठवड्यांनी ‘नमुना अपुरा’ एवढी एकच ओळ पाठवली. दुसऱ्या वेळी गालाच्या आतून काडी फिरवून घेतली, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत तोच मार्ग बरा, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

निकालाची फाइल उघडल्यावर पहिल्या रात्री माझी चांगलीच फजिती झाली, ती नवख्यांसाठी सांगतो. आपले वाचन ज्या संदर्भक्रमाशी ताडून पाहिले जाते तो केंब्रिजचा क्रम १९८१ साली प्रसिद्ध झाला आणि १९९९ साली दुरुस्त झाला. दुरुस्तीत ३१०७ या स्थानी एक जादा अक्षर निघाले; पण पुढचे सगळे क्रमांक सरकू नयेत म्हणून ती जागा रिकामी राखून ठेवण्यात आली. मी त्या रिकाम्या जागेलाच माझ्या घराण्याचे खास वैशिष्ट्य समजून झोपलो. दुसरी गोष्ट अशी की हा संदर्भक्रम युरोपातील एका व्यक्तीचा, एच या गटाच्या एका डहाळीवरचा आहे, मानवजातीच्या मुळाचा नव्हे. म्हणून २६३, ७५०, १४३८, ४७६९, ८८६० आणि १५३२६ ही स्थाने जवळजवळ प्रत्येकाच्या यादीत ‘फरक’ म्हणून दिसतात. वास्तविक तेथे वेगळेपण त्या संदर्भव्यक्तीचे आहे, आपले नाही. ७३, २७०६, ७०२८, ११७१९ आणि १४७६६ यांचेही तसेच. ही अकरा बाजूला काढली की यादी एकदम आटोपशीर होते.

उरलेल्यांत ११४६७, १२३०८ आणि १२३७२ ही तीन एकत्र दिसली की आपण यू या मोठ्या शाखेत आहोत. १८११ आपल्याला यूच्या आतील एका मोठ्या फांदीवर नेते आणि १६०५१ हे यू२ची खूण म्हणून ओळखले जाते. हे शेवटचे स्थान मला विशेष आवडते, कारण पूर्वी जेव्हा संशोधक या रेणूचा फक्त चंचल, म्हणजे झपाट्याने बदलणारा, भाग वाचत असत, तेव्हाही ते नजरेस पडत असे. पुढची स्थाने मला यू२बीमध्ये आणि तिथून यू२बी२मध्ये पोहोचवतात. अक्षरांच्या क्रमावरून प्राचीनता ठरवू नये, ही सूचना येथेच करून ठेवतो: १९९०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या वंशांना ए, बी, सी, डी ही नावे प्रथम मिळाली आणि पुढची अक्षरे सापडतील तशी वाटली गेली. आफ्रिकेतील सर्वांत जुन्या शाखांच्या वाट्याला त्यामुळे एल हे अक्षर आले.

आता मावशींशी तुलना. आम्हा दोघांमधील सामाईक स्त्री म्हणजे माझी खापरपणजी; माझ्या बाजूने चार जन्म आणि त्यांच्या बाजूने तीन, असे सात जन्म आमच्यामध्ये आहेत. सर्व स्थाने जुळली. केवळ एका जागी मावशींचे वाचन स्वच्छ ‘टी’ आहे, तर माझ्या नमुन्यात ‘टी’ आणि ‘सी’ अशी मिसळ असून साधारण तीनातले एक वाचन ‘सी’ आहे. एका पेशीत या रेणूच्या शेकडो ते हजारो प्रती असतात आणि अंडपेशीत तर लाखाच्या घरात. त्यांतल्या काहींत बदल झाला की काही पिढ्या दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. आईकडून मुलाकडे जाताना मात्र प्रत्यक्षात थोड्याच प्रतींचा वंश पुढे चालतो, त्यामुळे मिसळीचे प्रमाण एकाच पिढीत एकदम घटू किंवा वाढू शकते.

या मिसळीने एकदा मोठाच घोळ घातला होता. रशियाचा झार दुसरा निकोलस याची हाडे येकातेरिनबुर्गजवळ १९९१ साली उकरण्यात आली. राणी अलेक्झांड्राच्या मातृवंशाची खात्री तिच्या बहिणीच्या शाखेतील प्रिन्स फिलिप यांच्या रक्तावरून पटली, परंतु झारच्या हाडांत १६१६९ या स्थानी ‘सी’ आणि ‘टी’ दोन्ही आढळले, आणि त्याच्या मातृवंशातील जिवंत नातलगांत एकच. पुढे झारचा भाऊ गिओर्गी याचे अवशेष तपासले, तेव्हा त्यांतही तीच मिसळ निघाली आणि १९९६ साली शंका मिटली. आमच्या घरी हाडे नाहीत आणि झारही नाही, परंतु प्रश्न त्याच जातीचा आहे: बदल माझ्या आजीपाशी सुरू झाला, की खापरपणजीतच मिसळ होती आणि अंबूच्या शाखेत ती विरून गेली?

एका फरकावरून वर्षे मोजण्याचा मोह होतो. २००९ साली सोआरेस आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण रेणूसाठी दर ३,६२४ वर्षांना सरासरी एक बदल असा वेग मांडला. परंतु तो हजारो वर्षांच्या झाडासाठी आहे, सात जन्मांच्या नात्यासाठी नव्हे. एका ओळखीच्या गृहस्थांनी आपल्या चुलत्यांशी असलेल्या एका फरकावरून ‘आमचे पूर्वज साडेतीन हजार वर्षांपूर्वी वेगळे झाले’ असे मला गंभीरपणे सांगितले. चुलत्यांशी मातृवंश जुळेलच असे नाही, ही गोष्ट तर त्यांच्या गावीही नव्हती.

आता यू२च्या प्रवासाविषयी. यू शाखा युरोपात व पश्चिम आशियात विपुल असल्यामुळे भारतातील यू म्हणजे अलीकडे वायव्येकडून आलेली भर, असे समजणे सोपे होते. १९९९ साली एस्टोनियातील तार्तू येथील टूमास किविसिल्द आणि सहकाऱ्यांनी भारतीय यू२ वेगळी काढून पाहिली, तेव्हा ती युरोपीय यू२पासून सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी फुटलेली दिसली. शेती, घोडा, भाषा या सगळ्यांच्या कितीतरी आधीची ही फारकत आहे. नंतर भारतीय भागाला यू२ए, यू२बी, यू२सी अशी नावे मिळाली आणि युरोप व मध्य आशियात आढळणारी बहीण यू२ई म्हणून ओळखली जाऊ लागली. रशियात डॉन नदीकाठी कोस्तेन्की येथे १९५४ साली एका तरुणाचे दफन सापडले होते. तो सुमारे ३८ हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि २०१० साली त्याचा मातृवंश यू२ असल्याचे प्रसिद्ध झाले. मिरजेच्या मावशींना हे सांगितले तेव्हा त्यांनी ‘तिकडे थंडी फार असेल’ एवढेच म्हटले. डॉनकाठचा तो तरुण मात्र आमचा पूर्वज नव्हे. त्याची आणि आमची वाट फार मागे, बहुधा पश्चिम किंवा दक्षिण आशियात कुठेतरी, एका स्त्रीपाशी मिळते.

खरा गोंधळ राखीगढीने उडवला. हरियाणातील या हडप्पाकालीन शहराचे उत्खनन आपल्याच पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या चमूने वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली केले. उष्ण हवामानात डीएनए टिकत नाही. ६१ नमुने तपासल्यावर एकाच सांगाड्यातून उपयोगी पडेल इतका डीएनए मिळाला. २०१९ सालच्या सप्टेंबरमध्ये ‘सेल’ या नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ती व्यक्ती स्त्री होती आणि तिचा मातृवंश यू२बी२ होता. माझा निकाल कळताच घरच्या गटावर ‘आपण हडप्पाचे’ असा जयघोष सुरू झाला, आणि एका चुलतभावाने तर जन्मगावाच्या जागी राखीगढी लिहून टाकले.

मला हा उत्साह मोडावा लागला, कारण यू२बी२ ही फांदी त्या शहरांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. राखीगढीची स्त्री त्या फांदीवर होती आणि मीही आहे, याचा अर्थ आम्हा दोघांच्या मागे कधीतरी एक आई आहे. ती राखीगढीच्या विटांपूर्वी हजारो वर्षे होऊन गेली असणार. त्या शहरात राहणाऱ्या कोणाचा मी वंशज आहे किंवा नाही, याविषयी हा एक धागा काहीच बोलत नाही. दहा पिढ्या मागे गेलो तर १,०२४ पूर्वजांच्या जागा होतात, आणि हा डीएनए त्यांतील एकाच स्त्रीचा माग सांगतो. ज्या चुलतभावाने गाव बदलले त्याची आई तर वेगळ्याच घरातली. त्याचा मातृवंश बहुधा एम या दुसऱ्या मोठ्या शाखेतला निघेल, कारण भारतात सुमारे ६० टक्के लोक एमच्या कोणत्या ना कोणत्या शाखेत बसतात. किविसिल्द यांच्याच गटाने २००३ साली दाखवले की हे जुने मातृवंश आदिवासी आणि जातिसमूह दोहोंत सारखेच रुजलेले आहेत. या अक्षरांवरून जात किंवा कुल ओळखू पाहणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

पुढचे काम ठरले आहे. माझ्या बहिणीच्या गालाची काडी सोमवारी रवाना होईल. आईच्या धाकट्या बहिणीचा मुलगा नाशिकला असतो. त्यानेही होकार दिला आहे. त्याच्यात मिसळ निघाली तर ती निदान आजीपर्यंत मागे जाते, आणि निघाली नाही तर प्रश्न तसाच राहतो, कारण ती त्याच्या शाखेत विरलेलीही असू शकते. दरम्यान खापरपणजीच्या माहेरचे पुस्तक शोधतो आहे. तिचे सासरचे नाव लक्ष्मीबाई. माहेरचे नाव अजून कोणालाच आठवलेले नाही.